शाळेच्या बसला सीट बेल्ट हवाच का?

गेल्या पावसाळ्यात एक आजीबाई सात वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. मुलाचा वरचा ओठ फाटला होता आणि नुकताच आलेला कायमचा दात हलत होता. शाळेच्या बससमोर अचानक दुचाकी आली, चालकाने करकचून ब्रेक दाबला आणि मुलाचे तोंड पुढच्या बाकाच्या लोखंडी दांड्यावर आपटले. टाके घालून झाल्यावर आजींनी विचारले, "डॉक्टर, मोटारीत पट्टा लावला नाही तर दंड होतो, मग एवढ्या लेकरांच्या बसला पट्टा का नाही?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देत आहे.

बस थांबते, पण आतले मूल थांबत नाही. ते बसच्याच वेगाने पुढे जात राहते. ताशी ४० किलोमीटर वेगाने कठीण वस्तूवर आदळणे हे सुमारे ६ मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ दुसऱ्या मजल्यावरून, पडण्यासारखे आहे. त्यातून लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते. म्हणून पहिला मार बहुधा डोक्याला आणि चेहऱ्याला बसतो.

मग अमेरिकेसारख्या देशातही मोठ्या शाळाबसना पट्ट्यांची देशव्यापी सक्ती का नाही, असे कोणी विचारेल. त्याचे कारण बाकांच्या रचनेत आहे. तेथे १९७७ पासून शाळाबसमधील बाक उंच पाठीचे, जाड गादीचे आणि एकमेकांच्या जवळ असतात. समोरून धडक बसली तर ती गादीच मुलाला झेलते. परंतु बस उलटली किंवा बाजूने धडक बसली, की ही रचना अपुरी पडते. २०१६ साली टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे शाळेची बस उलटून ६ मुले दगावली. त्यानंतर तेथील राष्ट्रीय तपास यंत्रणेने नव्या मोठ्या शाळाबसना कंबर व खांदा दोन्ही धरणारे पट्टे असावेत, अशी शिफारस केली. आपल्याकडील अनेक बसमध्ये तर बाक ठेंगणे आणि दांडे उघडे असतात. गादी झेलेल हा युक्तिवाद येथे कसा टिकणार?

म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे : पट्टा हवाच, पण तो तीन बिंदूंचा हवा. केवळ कमरेचा पट्टा मुलांच्या बाबतीत पुरेसा नाही. मुलांची कमरेची हाडे पुरती वाढलेली नसतात. त्यामुळे पट्टा वर सरकून पोटावर येतो आणि धक्क्याने आतडी किंवा मणका दुखावू शकतो. पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाशी, कमरेच्या हाडांवर बसावा; खांद्यावरचा भाग मानेला घासू नये.

आग लागली तर मुले अडकतील, ही भीती अनेकांना वाटते. ती समजण्यासारखी आहे. परंतु डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेले मूल मुळीच बाहेर पडू शकत नाही. पट्टा सोडण्याचा सराव बालवाडीच्या मुलांनाही देता येतो, आणि सर्वांत लहान मुलांसाठी बसमधील ताई असतातच.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा बालआसन न लावल्यास १,००० रुपये दंड ठेवला आहे. दंड झाला की पैसे भरता येतात. गेलेला दात मात्र परत मिळत नाही.

पट्टे येतील तेव्हा येतील. तोवर नातवंडांना बसथांब्यावर सोडणाऱ्या आजी-आजोबांनी एवढे अवश्य करावे :

• प्रत्येक मुलाला बसायला स्वतंत्र जागा आहे का, ते पाहा. उभ्याने किंवा तिघांच्या बाकावर पाच, असे चालवून घेऊ नका.

• दप्तर मांडीवर न ठेवता पायाशी ठेवायला आणि पाठ टेकून बसायला शिकवा.

• बस पूर्ण थांबेपर्यंत उठू नये, खिडकीबाहेर हात काढू नये, हे रोज सांगा.

• उतरल्यावर बसच्या पुढून वा मागून रस्ता ओलांडू देऊ नका. थांबा पलीकडे असेल, तर आपणच पलीकडे जाऊन उभे राहा.

• महाराष्ट्रात २०११ च्या नियमांनुसार शाळांमध्ये परिवहन समिती असते. तिच्याकडे तीन बिंदूंच्या पट्ट्यांची लेखी मागणी करा. चार आजोबांच्या सह्या असलेला अर्ज सहसा बाजूला सारला जात नाही.

आणि एक विनंती. मुलाच्या मोटारीत मागे बसताना आपणही पट्टा लावता का? उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात; साध्या धक्क्यानेही खुबा किंवा बरगडी मोडते. शिवाय शेजारी बसलेले नातवंड आपण काय सांगता यापेक्षा काय करता, हेच पाहत असते.