ठोके मोजायचे, पण कुणाच्या मापाने?

१५ जुलै १९३९ रोजी मिलानमध्ये जर्मनीचा रुडॉल्फ हार्बिग ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. तो विक्रम १६ वर्षे टिकला. त्याचे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि फ्रायबुर्गचे हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी सरावाला नाडीची शिस्त लावली होती. थोडे अंतर जोरात धावून ठोके मिनिटाला १८० च्या घरात न्यायचे आणि थांबायचे. दीड मिनिटात ते १२० वर उतरले तर पुढची धाव. नाही उतरले, तर दिलेले काम झेपत नाही असे समजायचे.

अडचण अशी की नाडी बघायला थांबावे लागे, आणि थांबताच ती उतरू लागे. मुरलेल्या धावपटूची तर फारच झपाट्याने. तोड निघाली फिनलंडमध्ये. बर्फावर स्कीइंगचा सराव घेणाऱ्या एका प्रशिक्षकाची हीच तक्रार सेप्पो सायनायाकांगास या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकांच्या कानावर आली. १९७७ मध्ये त्यांनी 'पोलर' ही कंपनी काढली आणि १९८२ मध्ये छातीच्या पट्ट्यावरून मनगटावरच्या घड्याळाकडे बिनतारी ठोके पाठवणारे यंत्र बाजारात आणले.

यंत्र आले, पण आकडा ताडून बघायचा कशाशी? इथे सगळी गोची आहे. कमाल ठोक्यांसाठी '२२० वजा वय' हे सूत्र जिमच्या भिंतीवर दिसते. १९७१ मध्ये फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या लेखातून ते रूढ झाले. हाताशी असलेल्या आकडेवारीतून काढलेला तो ढोबळ अंदाज होता. पुढे त्याला नियमाचा मान मिळाला. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी १८,७१२ जणांची माहिती एकत्र करून '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' हे सूत्र सुचवले. चाळिशीला दोन्ही सूत्रे १८० च सांगतात. साठीला मात्र पहिले १६० म्हणते, दुसरे १६६. दुसरे बरे, पण तेही सरासरीचेच. एकाच वयाच्या दोघांच्या कमाल ठोक्यांत वीसचा फरक सहज असतो. मग सूत्रावर विसंबून एकजण उगाच रखडतो, दुसरा रोज फेस येईपर्यंत पळतो.

फिनलंडच्याच मार्टी कार्वोनेन यांची १९५७ ची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे वजा करायचे, उरलेल्या पल्ल्याची टक्केवारी धरायची आणि तिच्यात विश्रांतीचे ठोके परत मिळवायचे. कमाल १७२, विश्रांतीचे ६०, तर पल्ला ११२. साठ टक्के मेहनत म्हणजे साधारण १२७ ठोके. निदान यात माणसाचे स्वतःचे हृदय हिशेबात येते.

तरी आकडा फसवतोच. मुंबईच्या दमट हवेत वेग तोच ठेवला तरी तासाभरात ठोके चढत जातात. चहा-कॉफी, जागरण, ताप यांनीही ते वाढतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी दबून राहतात. म्हणून घड्याळ घेण्याआधी एक वही घ्या. सकाळी अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजून लिहा. नेहमीपेक्षा ती सलग काही दिवस चढी दिसली तर सराव हलका करा. आणि धावताना छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर घड्याळ काहीही दाखवो, थांबा आणि डॉक्टरांकडे जा.