थंडींत द्राक्षाचा मणी गुलाबी कां होतो?

निफाड व दिंडोरी तालुक्यांतील बागाइतदारांस हें सांगावयास नको कीं, डिसेंबर-जानेवारींत कडाक्याची थंडी पडली म्हणजे थॉमसन सीडलेस जातीच्या हिरव्या घडांत मधूनच गुलाबी झांक असलेले मणी दिसूं लागतात. गोडींत कांहीं उणें नसतें; परंतु परदेशीं जाणारा माल एकाच रंगाचा लागतो, व असे घड बाजूला काढले जातात. वर्षभराचा खर्च अंगावर घेऊन तोंडाशीं आलेला माल स्थानिक बाजारांत मिळेल त्या भावानें विकावा लागतो. कित्येक जण हा रोग समजून औषधें फवारीत सुटतात. तो रोग नव्हे. वेल थंडी-दुष्काळाला तोंड देतांना जी आंतली व्यवस्था चालविते, तिच्याकडेच फळ पिकविण्याचेंहि काम आहे. ही गोष्ट नीट समजली म्हणजे उपाय कोणता व केव्हां करावा हें कळूं लागतें.

प्रथम जनुक म्हणजे काय तें पाहूं. प्रस्तुत लेखकाची सारी उमर महसुलाच्या दप्तरांत गेली, म्हणून उपमा तेथलीच सुचते. वनस्पतीच्या प्रत्येक पेशींत एक सबंध दप्तर असतें व त्यांतील एकेक नोंद म्हणजे एकेक जनुक. पान असो, मूळ असो कीं मणी असो, दप्तर तेंच. मात्र कोणती नोंद कोठें व केव्हां उघडावयाची हें ठरलेलें असतें. द्राक्षाचें हें दप्तर फ्रान्स व इटली येथील शास्त्रज्ञांनीं २००७ सालीं वाचून प्रसिद्ध केलें. त्यांत सुमारें ३० हजार जनुकें आढळलीं. कांहीं जनुकांचें काम केवळ दुसऱ्या जनुकांना मंजुरी देण्याचें असतें. तलाठ्यानें फेरफार लिहिला तरी वरची मंजुरी मिळाल्यावांचून तो पक्का होत नाहीं, तसाच हा प्रकार.

आतां पिकण्याविषयीं. सगळीं फळें एकाच रीतीनें पिकत नाहींत. पिंपळगांव बसवंतच्या बाजारांतून टोमॅटो अर्धवट कच्चा भरून दूर पाठवितात आणि तो वाटेंत लाल होतो. याचें कारण इथिलीन नांवाचा वायु. फळ तो स्वतःच निर्माण करितें, आणि एकदां आरंभ झाला कीं त्याचें प्रमाण आपोआप वाढत जातें. ‘रिन’ नांवाच्या टोमॅटोंत या कामाला मंजुरी देणारें जनुकच बिघडलेलें आहे. तो टोमॅटो कित्येक आठवडे पिवळट राहतो, पण लाल होत नाहीं. तें जनुक अमेरिकेंतील संशोधकांनीं २००२ सालीं शोधून काढलें. केळें व आंबा याच वर्गांतले.

द्राक्ष तसें नव्हे. वेलीवरून तोडलेला घड पेटींत अधिक गोड होत नाहीं, हा आपला रोजचा अनुभव. येथें मुख्य कारभार ॲबसिसिक आम्ल नांवाच्या द्रव्याकडे आहे. अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत कपाशीच्या गळणाऱ्या बोंडांचा अभ्यास चालू असतां तें हातीं लागलें, आणि नांवहि त्या गळण्यावरूनच पडलें. पण त्याचें खरें मोठें काम निराळें आहे. जमिनींत ओल कमी पडली कीं वेलींत हें द्रव्य वाढतें, पानांचीं सूक्ष्म रंध्रें मिटतात व पाण्याचा खर्च थांबतो. शिवाय ताण सोसण्यास लागणारीं अनेक जनुकें जागीं होतात. हेंच द्रव्य मण्यांत पाणी उतरण्याच्या सुमारास मण्यांतहि एकाएकीं वाढतें, आणि तेव्हांपासून मणी मऊ होणें, साखर भरणें, आंबटपणा उतरणें व रंगीत जातींत रंग चढणें हीं कामें सुरू होतात. म्हणजे संकटाची वर्दी देणारा व पीक तयार झाल्याची दवंडी पिटणारा शिपाई एकच!

रंगाला मंजुरी देणारें जनुक ‘मिब-ए-१’ या नांवानें ओळखलें जातें. तें चालू झालें कीं सालींत अँथोसायनिन हें तांबडें-जांभळें रंगद्रव्य तयार होतें. रात्रीची थंडी त्याला पोषक असते व उकाडा मारक; म्हणूनच उष्ण प्रदेशांत फ्लेम सीडलेसचा रंग फिका राहतो. हिरव्या द्राक्षांत या जनुकाच्या जागीं दुसराच एक तुकडा घुसून बसल्यामुळें मंजुरी अडते, हें जपानी शास्त्रज्ञांनीं २००४ सालीं दाखविलें. थॉमसन त्यांतलीच. तथापि अडथळा म्हणजे अगदीं पूर्ण बंदी नव्हे. हिरव्या म्हणविणाऱ्या द्राक्षांतहि या रंगद्रव्याचा अत्यल्प अंश असतो, असें इटलींत २०१५ सालीं केलेल्या तपासणींत आढळलें. दिवसा कडक ऊन, रात्रीं पारा ५-६ अंशांवर, आणि मणी नेमका पाणी धरण्याच्या अवस्थेंत, असा योग जुळला म्हणजे हा अंश डोळ्यांस दिसूं लागतो.

यावर आपल्याकडील बागाइतदार घडांस कागद गुंडाळतात. ही युक्ति योग्यच आहे, कारण ऊन आणि थंडी या दोहोंचा मारा त्यानें सौम्य होतो. पण कागद मण्यांत पाणी उतरण्यापूर्वीं लागला पाहिजे. गुलाबी झांक दिसल्यावर कागद लावणें म्हणजे मंजूर झालेल्या फेरफारावर हरकत घेणें होय. चढलेला रंग उतरत नाहीं. पहांटे ठिबक चालविणें किंवा बागेंत शेकोट्या पेटविणें यांचा हेतुहि थंडीची धार कमी करण्याचाच आहे. लवकर गोडी यावी म्हणून याच दिवसांत पाणी एकदम तोडण्याची घाई कांहीं जण करितात. ती मला पसंत नाहीं, कारण थंडीच्या ताणावर पाण्याचा ताण चढविल्यासारखें होतें. उलट क्रिमसन किंवा फ्लेमसारख्या रंगीत जातींची गोष्ट वेगळी. परदेशांत त्यांवर रंगासाठीं ॲबसिसिक आम्लच फवारतात. तसला पंप थॉमसनच्या बागेंत नेण्यापूर्वीं तो स्वच्छ धुवून घ्यावा.