कॉफीचा चोथा आणि आपली बाग

पनवेल हे चहाचे गाव असे कोणीही म्हणेल. तरीही गेल्या काही वर्षांत घरोघरी कॉफी स्थिरावली आहे. वाड्यांच्या परसातील जास्वंद, अनंत, मोगरा ही मंडळीही आता सदनिकांच्या गॅलरीतील कुंड्यांत येऊन राहिली आहेत. साहजिकच ‘कॉफीचा चोथा कुंडीत टाका, झाड जोमाने वाढेल’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. झटपट कॉफीची पूड पाण्यात पूर्ण विरघळते. तिचा चोथा उरतच नाही. उरलेली दूधसाखरेची कॉफी कुंडीत ओतली, तर लाभ होतो तो मुंग्यांचा. चोथा मिळतो तो दाक्षिणात्य पद्धतीच्या फिल्टर कॉफीचा, म्हणजे उडुपी हॉटेलांत किंवा एखाद्या शेजाऱ्याकडे. त्या पुडीत पुष्कळदा चिकोरीच्या भाजलेल्या मुळांचीही भर असते.

या चोथ्यात वाळलेल्या वजनाच्या सुमारे 2 टक्के नत्र असते. पाने हिरवीगार होण्यास नत्र लागते, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. परंतु हे नत्र प्रथिनांत अडकलेले असते. मातीतील सूक्ष्म जीवांनी चोथा कुजविल्याशिवाय ते मुळांना मिळत नाही. म्हणजे चोथा हे तयार अन्न नव्हे, तो केवळ शिधा आहे. शिजविण्याचे काम अद्याप बाकी आहे.

दुसरी गोष्ट कॅफीनची. आपणांस तरतरी देणारे हे द्रव्य कॉफीच्या झाडाने माणसासाठी निर्माण केलेले नाही. कीटकांना दूर ठेवण्यास ते झाडाला उपयोगी पडते आणि इतर वनस्पतींचे बी रुजण्यासही ते अडथळा आणते. कॉफी गाळल्यावरही त्याचा काही अंश चोथ्यात राहतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी मुळा, ब्रोकोली, सूर्यफूल आदी पाच वनस्पतींवर ताज्या चोथ्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. माती कोणतीही असो, सोबत खत दिलेले असो वा नसो, रोपांची वाढ खुंटलेलीच आढळली. मातीची पाणी धरून ठेवण्याची शक्ती मात्र वाढली आणि तणही कमी उगवले. जे तणाला जाचले, तेच रोपालाही जाचले!

चोथा आम्ल असल्यामुळे गुलाबाला मानवतो, अशीही एक समजूत आहे. वास्तविक कॉफीतील आम्ले पाण्यात विरघळणारी असल्याने त्यांचा बराचसा भाग पेल्यातच उतरतो. उरलेल्या चोथ्याची आम्लता नमुन्यागणिक बदलते; तिच्यावर विसंबून राहता येत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे गोगलगाईंचा उपद्रव होतो, त्यावरही चोथा सुचविला जातो. हवाई बेटांवरील संशोधकांनी 2002 मध्ये कॅफीनने गोगलगाई मरतात असे दाखविले हे खरे. पण ते द्रावण 1 ते 2 टक्क्यांचे, म्हणजे आपल्या पेल्यातील कॉफीपेक्षा कितीतरी पट तीव्र होते. शिवाय चोथ्याचे बारीक कण वाळले की त्यांची खपली धरते आणि पाणी वरच्या वर वाहून जाते.

मग चोथा फेकून द्यावा काय? मुळीच नाही, तो कुजवून वापरावा. तळाला भोके पाडलेली जुनी बादली किंवा माठ घ्यावा. त्यात वाळलेला पालापाचोळा, भाजीची देठे व थोडी जुनी माती यांचे थर द्यावेत. एकूण कचऱ्यात चोथा एकपंचमांशाहून अधिक नसावा. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवावी आणि आठवड्यातून एकदा वरखाली करावे. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये. तीच आपली आचारी आहे. पावसाळ्यात मात्र झाकण हवेच. दोनतीन महिन्यांत पहिल्या पावसात येतो तसा मातीचा वास येऊ लागला, की खत तयार झाले असे समजावे. मग प्रत्येक कुंडीत महिन्याला मूठभर पुरे. चहाच्या चोथ्यालाही हीच रीत लागू आहे. फक्त आपण साखर व दूध घालून चहा उकळत असल्याने तो गाळणीतच दोनदा धुऊन घ्यावा.

यात केवळ चार फुलांचा प्रश्न नाही. 1852 साली नगरपालिका स्थापन झालेले आपले गाव 2016 मध्ये महानगरपालिका झाले. वस्तीबरोबर कचराही वाढला. घरातला ओला कचरा घरातच जिरला, तर तेवढाच भार हलका होईल.

श्रीपाद दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. परंतु ‘प्रयोग परिवार’ उभा करून त्यांनी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करून पाहण्याची सवय लावली. मग कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीच मागे का राहावे? तीन कुंड्या घ्याव्यात: एकीत नुसती माती, दुसरीत मातीबरोबर ताजा चोथा, तिसरीत मातीबरोबर कुजलेला चोथा. प्रत्येकीत मेथीचे वीस दाणे पेरावेत आणि दहा दिवसांनी कोंब मोजावेत. ऐकीव सल्ल्यापेक्षा ही मोजदाद अधिक विश्वासार्ह ठरेल.