जाहिरातीचा आवाज मोठा का?

संध्याकाळी काशीगावात घरोघरी टीव्ही चालू असतो. मालिकेत सासूसून हळू बोलतात. मध्येच जाहिरात येते आणि एकदम कल्ला होतो! पाळण्यातले पोर दचकते. म्हातारी विचारते, "अगं, कोणी वाढवला गं आवाज?" बटणाला तर कोणी हात लावलेला नसतो. मग असे का होते?

आपल्या खाडीकडे बघा. मिठागराला बांध असतो. एरवी एखादीच लाट बांधाच्या काठाला लागते नि खाली जाते. उधाणाला सगळे पाणी काठाशी उभे राहते. बांध तेवढाच, पाणी मात्र जास्त.

आवाजालाही असाच बांध असतो. त्याच्यावर कोणाला जाता येत नाही. मालिकेत कुजबुज असते, शांतता असते, क्वचित ओरडणे असते. जाहिरातवाले यंत्राने हळू शब्दसुद्धा उचलून काठाशी नेतात. आपला कान एक उंच लाट मोजत नाही, एकंदर पाणी मोजतो. म्हणून जाहिरात मोठी वाटते.

केबल टीव्हीसाठी सरकारने १९९४ साली नियम केले. जाहिरातीचा आवाज फाजील मोठा नसावा, असे त्यांत लिहिले आहे. अमेरिकेने तर २०१० साली यासाठी खास कायदा केला.

मंडळी, बटण आपल्या हाती आहे. आवाज कमी करा. बाजारात जो मोठ्याने ओरडतो, त्याचाच माल चांगला असतो असे नाही. भाव विचारा, वजन बघा, पाकिटावरची अक्षरे वाचा. आता तुम्हाला वाचता येते!