जुन्या फियाटचा तळ बदलताना

मैत्रिणींनो, धान्याचा पत्र्याचा डबा आपण किती निगुतीने सांभाळतो! पावसाळ्याआधी त्याला उन्हे दाखवतो, बूड कुठे लालसर दिसले की लगेच घासून-पुसून कोरडे करतो. बूड गेले की डबा गेला, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. पण दारात उभ्या असलेल्या मोटारीलाही असेच पत्र्याचे बूड असते, हे कितीजणींच्या ध्यानात येते? गाडी म्हटली की ‘ते ह्यांचे खाते’ म्हणून आपण मोकळ्या होतो. वरून रंग चकचकीत, काचा लख्ख, सीटवर हौसेने शिवलेली कव्हरे आणि पायाखाली रबरी मॅट. तिच्याखाली काय चालले आहे, ते मॅट उचलल्याखेरीज कळायचे नाही.

आमचे पोंभुर्णे हे चंद्रपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. या जंगलपट्ट्यात पाऊस दणकून पडतो. धानाच्या बांध्यांना तो हवाच असतो, गाडीच्या पत्र्याला मात्र नको असतो. आणि गाडी जुनी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ओळखीची फियाट असेल, तर मग विचारायलाच नको.

फियाटची कुळकथा

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ बाहेर पडू लागली. पुढे तिचेच नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. कागदोपत्री नाव काही असो, लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. त्या काळात पैसे भरून नाव नोंदवल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे तालुक्याच्या गावी डॉक्टर, वकील किंवा ठेकेदार अशा एखाद्याच घरी ती दिसायची, आणि ‘फियाटवाल्यांचे घर’ हा साऱ्या आळीचा पत्ता व्हायचा.

मुंबईत तर तिने काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने पिढ्या वाहून नेल्या. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली. टॅक्सी गेल्या, तरी घरगुती फियाट कुठे कुठे अजून आहेत. कुणी हौसेने ठेवल्या आहेत, कुणी आठवण म्हणून.

तळ म्हणजे नुसती फरशी नव्हे

जुन्या जीपगाडीला खाली लोखंडी चौकट असते, म्हणजे चासी. वरचा सांगाडा तिच्यावर बोल्टांनी बसवलेला असतो. जीपचा तळ गंजला, तरी भार पेलायला चौकट शिल्लक असते. फियाटला आणि अँबॅसडरलाही अशी वेगळी चौकट नाही. तळ, दाराच्या उंबऱ्याखालची लांबट पोकळ पेटी, खांब आणि छप्पर हे सगळे एकमेकांना जोडून एकच पेटारा केलेला असतो, आणि सारा भार तोच पेलतो. म्हणजे हिचा तळ ही घराची नुसती फरशी नाही, तो पायाही आहे. आपण बसतो त्या सीटचे बोल्टदेखील याच पत्र्यात असतात. पाया कुजला की गाडी मधून दबते, दारे नीट लागेनाशी होतात आणि धडक बसली तर पत्रा कागदासारखा चुरगळतो.

याहूनही वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. सायलेन्सरचा पाइप तळाखालून मागे जातो. त्याला कुठे गळती असेल आणि तळाला भोके असतील, तर धूर आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग असतो, ना वास. डोके दुखते, मळमळते, झोप येते. मागे बसलेली मुले पेंगतात आणि आपण म्हणतो, ‘दमली बिचारी!’ काचा बंद असतील, तर हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

आमच्या घरची गोष्ट

आमच्याकडे मामंजींची १९८४ सालची पद्मिनी आहे. त्यांनी ती मुंबईहून वापरलेली अशीच आणली होती. समुद्राची खारी हवा खाल्लेली गाडी गंजाचे बी पोटात घेऊनच येते. पाऊस सुरू झाला, की मागच्या सीटपाशी पायाखाली ओल यायची. मागे एका मिस्त्रीने तिथे छपराचा टीन रिव्हेट मारून बसवला होता आणि वर डांबर फासले होते. गेल्या पावसाळ्यात धाकटीचे दप्तर खालून भिजले, म्हणून मी मॅट आणि तिच्याखालचे कुजके तरटाचे अस्तर काढले. टीन जागच्या जागी होता. त्याच्या कडेने मात्र मूळचा पत्रा पापडासारखा मोडत होता, आणि एका फटीतून खालची माती दिसत होती.

घरात दोन तट पडले. हे म्हणाले, ‘भंगारात देऊन टाकू.’ सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या उठून आत गेल्या. मामंजी आता नाहीत. अडल्या बाळंतिणींना रात्री-अपरात्री याच गाडीतून त्यांनी चंद्रपूरला पोचवले होते. त्या वेळी जन्मलेली मुले आज बाप्ये होऊन सासूबाईंना वाकून नमस्कार करतात. अशी गाडी किलोच्या भावाने कशी द्यायची? पण आठवणीपायी मुलांना त्या भोकावर बसवायचे, हेही मला पटेना. मी सरळ सांगितले, ‘एक तर तळ पुरता बदलून घ्यायचा, नाही तर उद्यापासून मुले या गाडीत बसणार नाहीत. वर पुन्हा डांबर फासायचे नाही.’ शाळेत मी तासिका तत्त्वावर शिकवते. त्या मानधनातले बाजूला टाकलेले पैसे पुढे केले, तेव्हा ह्यांनीही आपला वाटा काढला.

चंद्रपूरच्या एका वयस्क डेंटरने गाडी पाहिली. ते म्हणाले, ‘रंग तं कोणीबी मारते जी, वहिनी. खाली काय आहे ते पहा पयले.’ काम चालू असताना मी चार-पाच वेळा जाऊन उभी राहिले आणि प्रश्न विचारले. जे समजले ते तुमच्यासाठी लिहिते. वेल्डिंग आपल्याला करायचे नाही, पण काम चोख होते आहे का, हे ओळखता आले पाहिजे.

काम कसे चालते?

*आधी तपासणी.* सीट, मॅट, अस्तर सगळे बाहेर काढतात. मग तळावर हातोडीने ठोकत जातात. चांगला पत्रा खणखणतो, कुजका भदभद वाजतो. शंका येईल तिथे पेचकस टोचून पाहतात. तो आत गेला की तो भाग बाद. दाराखालची पेटी आणि सीटच्या बोल्टांभोवतीची जागा आवर्जून टोचायला सांगा. गाडी नुसत्या जॅकवर उचलून कुणालाही खाली जाऊ देऊ नका. भक्कम घोडे किंवा लाकडी ठोकळे हवेतच.

*मग आगीची काळजी.* बॅटरीची वायर सोडवायची. तळाखालून जाणाऱ्या पेट्रोलच्या व ब्रेकच्या नळ्या आणि वायरी बाजूला करायच्या. गाडीला गॅसकिट असेल, तर टाकी आधी उतरवायची. शेजारी वाळूची बादली आणि आग विझवायचे सिलिंडर दिसले पाहिजे. ते नसेल, तर काम सुरू होऊ देऊ नका.

*कापण्याआधी आधार.* पाया कापायचा म्हणजे घराला टेकू द्यावाच लागतो. दाराच्या चौकटीत आडव्या सळया तात्पुरत्या वेल्ड करतात, आणि एका वेळी एकच बाजू कापतात. दोन्ही बाजू एकदम कापल्या, तर सांगाडा वाकडा होतो आणि मग दारे जन्मात नीट बसत नाहीत. दाराभोवतीची फट काम सुरू होण्याआधी पाहून ठेवा. काम झाल्यावर ती तितकीच आणि सारखी असली पाहिजे.

*बेतणे आणि कापणे.* कुजका भाग लखलखीत पत्रा लागेपर्यंत कापून काढतात. इथे कंजुषी नको. फणसाचा सडका गरा ठेवावा तसे होते, शेजारचाही जातो. तयार तळ मिळणे कठीण असल्यामुळे डेंटर तो हाताने घडवतो. आपण ब्लाउज बेततो तसा आधी जाड कागदाचा नमुना कापतात आणि त्यावरून पत्रा. पत्रा साधारण अठरा ते वीस गेजचा, म्हणजे सव्वा ते पाऊण-एक मिलिमीटर जाडीचा, काळा सीआर पत्रा असावा. छपराचा जस्ती टीन नको. त्यावर वेल्डिंग केले की जस्ताचा विषारी धूर निघतो, काम करणाऱ्याला ताप भरतो, आणि जोडही कच्चा राहतो. नव्या पत्र्यावर मूळच्यासारख्या उठावदार पन्हाळी ठोकलेल्या हव्यात. ताटाला काठ असला की ते वाकत नाही ना, तसेच हे. सपाट पत्रा नुसता डबडबतो.

*टाके आणि शिवण.* नवा पत्रा जुन्याखाली-वर इंचभर चढवून आधी लांब लांब टाके घेतात. एक इकडे, तर दुसरा समोर. सलग वेल्डिंग करत गेले, तर उष्णतेने पातळ पत्रा पुरीसारखा फुगतो. गॅस वेल्डिंगपेक्षा सीओटू वेल्डिंगने पत्रा कमी तापतो, म्हणून सोय असेल तिथे तेच मागा.

*शेवटचा हात.* जोड घासून साफ झाले की सांध्यात सीलर भरतात. मग गंजरोधक प्रायमर, त्यावर रंग आणि तो पुरा वाळल्यावर खालून अंडरकोटिंग. हा क्रम चुकता कामा नये. ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर थर दिला, तर पाणी आतच कोंडते. आमच्या जुन्या टिनाखाली नेमके तेच झाले होते. पाणी निघून जाण्याची मूळची भोके बुजवलेली नाहीत ना, तेही पाहा.

पैशाचे बोलताना

मॅट काढून तपासणी झाल्याखेरीज आकडा ठरवू नका. झाकलेल्या तळावरून सांगितलेला अंदाज खोटा ठरतो. पत्रा, वेल्डिंग, प्रायमर-रंग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. काही रक्कम आगाऊ द्या, काही कापून झाल्यावर आणि काही अंडरकोटिंगच्या आधी काम पाहून द्या. त्या वेळी जोड डोळ्यांना दिसतात, नंतर सगळे काळे होते. लांबी भरून भोक बुजवू म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. लांबी ही खळगा भरायला असते, भार पेलायला नाही. गंजलेला पत्रा विम्यात बसत नाही, त्यामुळे ती आशा धरू नका. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नवी करावी लागते आणि तेव्हा गाडीची तपासणी होते. ती जवळ आली असेल, तर शुल्क विचारून घ्या आणि मगच खर्चाचा मेळ घाला.

आणखी एक. पेटी, खांब, तळ सगळेच गेले असेल, तर गाडी सोडून देण्यातही शहाणपण आहे. स्टिअरिंगचे चाक किंवा नावाची पट्टी आठवण म्हणून भिंतीवर लावता येते. माणसाच्या जिवापेक्षा पत्रा मोठा नाही.

घरच्या घरी एवढे करा

१. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा मॅट उचलून तळाला हात लावा. ओल लागली, तर मॅट व अस्तर उन्हात टाका आणि दारे उघडी ठेवा.

२. पाणी कुठून येते ते शोधा. एकीने आत बसावे, दुसरीने काचेवर हळूहळू पाणी सोडावे. बहुतेकदा काचेभोवतीचे रबर फाटलेले निघते.

३. दाराच्या खालच्या कडेला पाणी जाण्याची बारीक भोके असतात. ती काडीने मोकळी करा.

४. चाकाच्या कमानीत साचलेला चिखल ओल धरून ठेवतो. पावसाळा संपला की पाइप लावून खालून गाडी धुवा आणि मग उन्हात उभी करा.

५. गवतावर किंवा ओल्या मातीवर गाडी महिनोन्महिने ठेवू नका. प्लॅस्टिकचे आवरणही नको, त्याच्या आत घाम धरतो.

६. रंगाखाली फोड दिसला की गंज आतून फुगतो आहे असे समजा. गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग उचलला जातो.

यातल्या एकाही कामाला मिस्त्री लागत नाही, पैसाही लागत नाही. लागते ती डब्याचे बूड पाहणारी नजर, आणि ती आपल्याकडे आहेच. तेव्हा येत्या रविवारी ह्यांच्या हाती चहाचा कप द्या आणि गाडीची मॅट तेवढी आपण उचला.