लेकीचा अभ्यास कोण करतं?



आपल्या गटातून कितीतरी जणी मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी कर्ज घेतात. हप्ता आपण फेडतो, मग मुलं तिथे काय शिकतात हे विचारायचा हक्कही आपलाच. आज ते विचारायची जास्तच गरज आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. मोबाइलवर मराठीत प्रश्न टाकला की ते मराठीत उत्तर देतं. निबंध, प्रकल्प, सगळं मिनिटात लिहून मिळतं. हे जमतं कसं? अफाट मजकुरावरून त्याला मुख्यतः एक गोष्ट शिकवलेली असते: कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येईल. खरं-खोटं त्याला आपल्यासारखं कळत नाही. म्हणून कधी कधी ते नसलेल्या पुस्तकाचं नावही ठासून सांगतं.

त्याचा फायदा नाही असं नाही. घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलीला इंग्रजी धडा समजावणारं कोणी नसतं. मुक्त विद्यापीठातून शिकणारी सून रात्री भांडी आवरून पुस्तक उघडते, तेव्हा शंका विचारायची कोणाला? इथे हे यंत्र कामाला येतं. दहादा विचारलं तरी रागवत नाही.

पण समजून घेणं वेगळं आणि लिहून घेणं वेगळं. गटाची वही कायम दुसऱ्याकडूनच लिहून घेतली, तर बँकेत साहेबांनी हिशेब विचारल्यावर आपण काय सांगणार? मुलाखतीत मुलांचंही तसंच होतं. पदवी हातात, पण बोलायला शब्द नाहीत.

उलटाही धोका आहे. यंत्राचं लेखन ओळखणारी साधनंही चुकतात. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचंच असं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं, कारण ते पुरेसं अचूक नव्हतं. म्हणजे स्वतः लिहिणाऱ्या मुलीवरही आळ येऊ शकतो. तिने कच्ची वही, टिपणं जपून ठेवावीत.

आपण काय करायचं? आपण किती शिकलो याला इथे महत्त्व नाही. जेवताना एवढंच म्हणायचं, "आज काय लिहिलंस ते मला समजेल असं सांग." तिला सांगता आलं, तर अभ्यास तिचा. अडखळली, तर रागवू नका. पुन्हा वाचायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी परत विचारा.

फीचे पैसे गट देईल. समजून घेण्याचं काम मात्र तिचं तिलाच करावं लागेल.