भूलतज्ज्ञाच्या शुल्काची आकारणी व परतफेड

शस्त्रक्रियेच्या देयकात भूलतज्ज्ञाचे शुल्क ही बहुधा एकच ओळ असते. परंतु त्यापैकी किती रक्कम कोणी द्यावयाची, हे रुग्ण कोणत्या योजनेखाली येतो त्यावर अवलंबून असते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या कारखान्यांच्या पट्ट्यात आकारणीच्या दोन भिन्न पद्धती शेजारी शेजारी नांदतात.

पहिली पद्धत ठोक दराची होय. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या योजनेखाली विमा उतरविलेला कामगार (२०१७ पासून लागू झालेली वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये) करारबद्ध खाजगी रुग्णालयात पाठविला जातो, तेव्हा देयक सामान्यतः केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या दरांनी होते. भूलपूर्व तपासणी, भूल, शस्त्रक्रियागृह व शल्यविशारदाचे शुल्क ही सर्व त्या एका दरातच समाविष्ट असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे तत्त्वही हेच आहे.

दुसरी पद्धत खाजगी आरोग्यविम्याची. येथे भूलतज्ज्ञाचे शुल्क बहुधा शल्यविशारदाच्या शुल्काच्या ठरावीक हिश्श्याने आकारतात. परतफेड मात्र खोलीच्या भाड्याशी निगडित असू शकते. २०२० साली सुरू झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ विमापत्रात भाड्याची मर्यादा विमारकमेच्या दोन टक्के, तथापि दररोज ५,००० रुपयांपर्यंतच, अशी ठेवण्यात आली. समजा, बदलापूरच्या एका कारकुनाचा विमा दीड लाखाचा आहे. म्हणजे मर्यादा ३,००० रुपये. त्याने ६,००० रुपयांची खोली घेतली, तर औषधे वगळता इतर खर्च निम्माच मान्य होतो. भूलतज्ज्ञाच्या ८,००० रुपयांपैकी ४,००० रुपये मान्य होतात. त्यातून पाच टक्के सहभाग वजा जाता ३,८०० रुपये मिळतात. उरलेले ४,२०० रुपये त्याच्या पदरचे. खोलीचा भुलेशी काहीही संबंध नसताना हे घडते.

अमेरिकेत १९६२ पासून प्रचारात आलेल्या एकक-पद्धतीत शस्त्रक्रियेच्या काठिण्याची एकके व वेळेची एकके (साधारणतः पंधरा मिनिटांस एक) यांची बेरीज करून तिला दराने गुणतात. मूळ एकके सहा व वेळ नव्वद मिनिटे असल्यास एकूण बारा एकके होतात.

तात्पर्य, शस्त्रक्रिया लांबल्यास एकक-पद्धतीत वाढीव भार देयक भागविणाऱ्यावर, तर ठोक दरात रुग्णालयावर व भूलतज्ज्ञावर पडतो. प्रमाणशीर कपातीत मात्र वेळेचा प्रश्नच उरत नाही. भार रुग्णावर पडतो, आणि तोही बहुधा घरी जाण्याच्या दिवशी त्याच्या ध्यानात येतो.